पोलादी गिटारचा जनक : जोसेफ केकुकू

सतार किंवा सारंगी ऐकतांना एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड जाणारी मींड मनाला मोहून टाकते. परंतु पडद्यांवर बोटें दाबून वाजविली जाणारी गिटार या गोडव्यास पुष्कळ अंशीं पारखी होती. ही तिची उणीव हवाई बेटांतील एका शाळकरी मुलानें दूर केली. त्याचें नांव जोसेफ केकुकू.

जोसेफचा जन्म १८७४ सालीं ओआहू बेटावरील लाइए या गांवीं झाला. पुढें तो होनोलुलु येथील कामेहामेहा विद्यालयांत शिकावयास गेला. १८८९ च्या सुमारास त्यास असें आढळून आलें कीं, तारेवरून धातूची वस्तु सरकविली असतां गिटार जणुं गाऊं लागते. ती वस्तु रुळांजवळ सांपडलेला खिळा होता असें कोणी सांगतात. कोणी ती खिशांतील फणी होती असें म्हणतात. गॅब्रिएल डेव्हियन नांवाच्या, मूळच्या हिंदुस्थानांतील खलाशानें ही युक्ति त्यापूर्वींच केली होती, असाही एक पक्ष आहे.

परंतु युक्ति सुचणें निराळें आणि तिचें वाद्य घडविणें निराळें. जोसेफनें शाळेच्या कर्मशाळेंत पोलादाची गुळगुळीत कांडी तयार केली. तांतीच्या जागीं धातूच्या तारा चढविल्या. कांडीच्या भारानें तारा पडद्यांवर आपटून खडखडत. म्हणून त्यानें त्या उंच उचलल्या. हा मेळ साधून त्यावर हात बसावयास त्यास अनेक वर्षांचा अभ्यास करावा लागला.

१९०४ सालीं केकुकू अमेरिकेस गेले. १९१९ पासून सुमारें आठ वर्षें त्यांनीं युरोपांत आपली कला ऐकविली व उत्तर वयांत अमेरिकेंत विद्यार्थ्यांस शिकविलें. १६ जानेवारी १९३२ रोजीं न्यू जर्सी येथें त्यांचें देहावसान झालें. नियतीचें नवल असें कीं, त्याच वर्षीं लॉस एंजेलिस येथील रिकेनबॅकर यांच्या कारखान्याची विजेची गिटार बाजारांत आली, आणि तीही मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीनें वाजवावयाची होती! तारांजवळील लोहचुंबक व वेटोळें त्यांच्या कंपाचें विद्युत्प्रवाहांत रूपांतर करितात. आपल्या शिरपुरांत वरातीपुढें वाजणारा विजेचा बेंजोही याच तत्त्वावर चालतो.

आजही साध्या विजेच्या गिटारवर कांडी सरकवावयाची झाल्यास केकुकू यांचाच मार्ग धरावा लागतो. तारा थोड्या जाड घ्याव्या. गळ्याच्या माथ्यावरील पट्टी व घोडी यांवर त्या किंचित् उंच कराव्या. मोकळ्या छेडल्या असतां एकच सुसंवादी स्वरमेळ निघेल अशा लावाव्या. कांडी दाबूं नये. ती पडद्याच्या मागें न धरतां नेमकी त्याच्या माथ्यावर हलकेच टेकवावी आणि तिच्या मागील तारांचा कंप बोटांनीं शांत करावा. येथें पडदा केवळ खूण दाखवितो. स्वर खरा कीं खोटा, याचा निवाडा कानच करितो.

विद्यार्थीमित्रहो, लोखंडाचा तुकडा पुष्कळांच्या हातीं येतो. परंतु त्याच्या खडखडाटास न कंटाळतां त्यांतून स्वर काढणारा विरळा. केकुकू यांची थोरवी ती हीच.