विद्यार्थी भीमराव : व्याकरणापासून धम्मापर्यंत

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची नामावली आपल्या समाजातील लहान मुलालाही तोंडपाठ असते. जयंतीच्या दिवशी ती व्यासपीठावरून वाचली जाते आणि आपली मान अभिमानाने ताठ होते. परंतु ज्या भाषेत त्या पदव्या मिळविल्या, ती इंग्रजी भाषा त्या बालकाला कोणी, कोठे आणि कशी शिकविली, हे आपण क्वचितच सांगतो. दरवर्षी जून महिन्यात नवी मुले वसतिगृहात येतात, तेव्हा अनेकांच्या चेहऱ्यावर इंग्रजीच्या तासाची भीती स्पष्ट दिसते. आमच्या घरात इंग्रजीचा गंधही नाही, मग मुलाला ती कशी येणार, असे पालकही संकोचाने विचारतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रातूनच द्यावे, असे आम्हांस वाटले.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची खरी ओळख शिक्षक ही आहे. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले होते आणि चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. कबीरपंथी, निर्व्यसनी, शिस्तीचे भोक्ते आणि इंग्रजी व गणित या दोन विषयांवर मनापासून प्रेम करणारे असे हे गृहस्थ. निवृत्तीनंतर कुटुंब प्रथम दापोलीस व पुढे साताऱ्यास आले. तेथेच माता भीमाबाईंचे निधन झाले. पोरक्या झालेल्या मुलांचा सांभाळ आत्या मीराबाईंनी केला आणि अभ्यासाचा भार वडिलांनी स्वतःकडे घेतला.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. आज हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या वर्गात त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतेपर्यंत थांबावे लागे. शाळेच्या नळाला हात लावण्याचा अधिकार नसलेले हे मूल राज्यकर्त्यांच्या भाषेची मुळाक्षरे गिरवू लागले होते. शाळेने जे हातचे राखून दिले, ते भरून काढण्याचे काम घरी रामजींनी केले.

रामजींची पद्धत साधी होती. हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे भाग ओळीने शिकविले. ही पाठमाला आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला सुपरिचित होती. प्रत्येक धड्यात आधी थोडे शब्द, मग व्याकरणाचा एखादा नियम आणि त्यानंतर मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत करावयाची वाक्ये, अशी तिची रचना. आधीच्या धड्यातील शब्द पुढच्या धड्यात पुन्हा भेटतात, त्यामुळे शिकलेले विसरावयास सवड मिळत नाही. मराठी शब्दाला केवळ कोणताही इंग्रजी प्रतिशब्द देऊन रामजींचे समाधान होत नसे. योग्य शब्द योग्य जागी यावा, असा त्यांचा आग्रह असे.

हे काम वाटते तितके सोपे नाही, हे ज्यांनी वर्गात इंग्रजी शिकविले आहे ते जाणतात. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. मी पाणी पितो, असे आपण म्हणतो. इंग्रजीत तेच क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ उभे राहते आणि पाणी शेवटी जाते. आपली शब्दयोगी अव्यये नामाच्या मागे जोडली जातात. टेबलावर म्हणताना वर हा शब्द शेवटी येतो, तर इंग्रजीतील ऑन टेबलाच्या आधी येऊन बसतो. अ, ॲन आणि द या उपपदांना तर मराठीत जोडीदारच नाही, म्हणून आपली मुले ती विसरतात किंवा नको तेथे घालतात. आपल्या एका आहे या क्रियापदाच्या रूपांसाठी ॲम, इज आणि आर यांतून नेमके कोणते निवडावयाचे, हे कर्ता पाहून ठरवावे लागते. मराठी घरातील मूल अशा चुका करते, याचे कारण त्याच्या मनात मातृभाषेची घडण पक्की असते. त्याची बुद्धी कमी असते असे मुळीच नाही. दोन्ही भाषांची वाक्ये शेजारी ठेवून रोज थोडी थोडी उलटसुलट करीत गेले की दोहोंतील भेद आपोआप ध्यानी येतो. सातारच्या त्या घरात हेच घडत होते.

पुढे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोप, पाहुणे आणि अभ्यास सारे त्याच खोलीत. भीमरावांना लवकर झोपवून रामजी स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवून मग आपण आडवे होत. चाळ निजलेली असताना दिव्याच्या उजेडात अभ्यास चाले. मुलाला वाचनाचे वेड होते आणि पेन्शन तुटपुंजी होती. पुस्तक हवे झाले की रामजी लेकींच्या घरी जात, पैसे उसने घेत; तेथे पैसे नसले तर लेकीचा दागिना मागून घेऊन गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की तो सोडवून परत करीत. थोरले बंधू आनंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली, म्हणून धाकट्याचे शिक्षण चालू राहिले. बाबासाहेबांच्या इंग्रजीमागे बहिणींचे दागिने आणि भावाची सोडलेली शाळा आहे, हे आपण विसरू नये.

एल्फिन्स्टन हायस्कुलात दुसरा घाव बसला. भीमरावांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ती भाषा त्यांना नाकारली गेली आणि त्यांनी नाइलाजाने फारसी घेतली. एका भाषेचे दार बंद झाल्याची ही सल त्यांच्या मनात दीर्घकाळ राहिली. १९०७ साली ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले, तेव्हा ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. हा आकडा आम्ही मुद्दाम देतो. गुणपत्रिका हाती घेऊन खचून गेलेल्या विद्यार्थ्याने आणि त्याला दोष देणाऱ्या पालकाने तो एकदा तरी वाचावा. त्या यशाबद्दल झालेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ज्या वाटेचा शेवट पुढे दीक्षाभूमीवर व्हावयाचा होता, तिचे पहिले पाऊल असे एका पुस्तकाच्या रूपाने पडले.

केळुसकर गुरुजींच्या प्रयत्नाने व सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीने एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पार पडले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी देह ठेवला. त्याच वर्षी त्यांचा मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ते पाहावयास पहिला इंग्रजी शिक्षक उरला नव्हता. कोलंबियातून एम.ए., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी. व डी.एस्सी., ग्रेज इनमधून बॅरिस्टर ही पुढील वाटचाल सर्वांना ठाऊक आहे. त्यातील एक लहान प्रसंग मात्र आमच्या विषयास अगत्याचा आहे. फेब्रुवारी १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठाकडे प्रवेशासाठी अर्ज केला, तो स्वहस्ते जर्मन भाषेत लिहिलेला होता. एक परकी भाषा व्याकरणाच्या पायावर नीट शिकलेल्या माणसाला दुसरी भाषा शिकण्याचे भय उरत नाही, याचा हा पुरावाच होय.

मिळविलेल्या भाषेचा त्यांनी काय उपयोग केला, हेही पाहिले पाहिजे. आपल्या माणसांशी बोलावयाचे तेव्हा त्यांनी मराठी निवडली. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक आणि ३ एप्रिल १९२७ रोजी बहिष्कृत भारत ही पाक्षिके निघाली, ती मराठीतून. सत्तेपुढे गाऱ्हाणे मांडावयाचे तेव्हा, १९३० च्या लंडनमधील गोलमेज परिषदेत, त्यांनी इंग्रजी वापरली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची स्थापना झाली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कायद्याच्या इंग्रजीत शॅल आणि मे या दोन लहान सहायक क्रियापदांमध्ये बंधन आणि मुभा एवढे अंतर असते. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदात अस्पृश्यता नष्ट केल्याचे विधान आहे, ते इंग्रजीत वर्तमानकाळात आहे. पुढे कधीतरी नष्ट करू, असे आश्वासन त्यात नाही. व्याकरणातील काळ हा विषय परीक्षेपुरता आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे एक वाक्य पाहावे. गोणपाटावर बसलेल्या मुलाच्या हाती क्रियापदाचे सामर्थ्य आले, म्हणजे काय होऊ शकते ते येथे कळते.

आपल्याला मिळालेले इतरांपर्यंत पोहोचविण्याची त्यांची धडपड आयुष्यभर चालली. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. पुढील वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उघडले, तेच आजचे मिलिंद. ते स्वतः सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते व मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. आमच्यासारख्या निवासी शाळा त्याच परंपरेतील लहान पणत्या आहेत.

आयुष्याच्या उत्तरार्धात हा विद्यार्थी पुन्हा एकदा व्याकरणाकडे वळला. भगवान बुद्धांचा उपदेश ज्या भाषेत जतन झाला, ती पाली भाषा आपल्या लोकांना कळावी म्हणून त्यांनी पालीचे व्याकरण व शब्दकोश सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. त्या कोशात पाली शब्दांना इंग्रजी, मराठी, हिंदी आणि गुजराती प्रतिशब्द दिलेले आहेत. प्रकृती ढासळलेली, डोळे अधू झालेले, कामांचा डोंगर उभा. तरीही शब्दापुढे शब्द लिहिण्याचे ते कष्टाचे काम त्यांनी केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पाली व्याकरण व कोश मात्र महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. रामजींनी लेकाला एका भाषेचे शब्द जोडून दिले. लेकाने साऱ्या समाजाला दुसऱ्या भाषेचे शब्द जोडून दिले. ज्याला संस्कृतच्या वर्गातून परत पाठविले होते, त्याने पालीचे दार सर्वांसाठी उघडे ठेवले.

म्हणून पालकांना आमचे नम्रपणे सांगणे आहे की, घरात इंग्रजी बोलली जात नाही याचा संकोच बाळगू नका. ज्यांना स्वतः शिकविता येत नाही, त्यांनी मुलाजवळ रोज अर्धा तास बसावे, त्याने पाठ केलेले शब्द म्हणून घ्यावेत. तेवढेही पुरेसे आहे. माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर वस्तीतील दोन मुलांना रोज पाच शब्द आणि पाच वाक्ये शिकवावीत. आणि आमच्या विद्यार्थ्यांनी, इंग्रजीच्या वहीत लाल शाईच्या खुणा दिसल्या की वही मिटून ठेवू नये; चुकलेले वाक्य पुन्हा लिहावे. परळच्या त्या खोलीत रात्री दोन वाजता एक मुलगा हेच करीत होता.

जय भीम! नमो बुद्धाय!