कॅन्सरची रसद तोडायला निघालेला सर्जन : डॉ. ज्युडा फोकमन

जगभरातल्या लॅबमध्ये आज एक छोटीशी कुपी विकत मिळते. तिच्यात असतं उंदराचं व्हीईजीएफ. व्हीईजीएफ म्हणजे शरीराला नव्या रक्तवाहिन्या तयार करायचा निरोप देणारं प्रोटीन. उंदराचं जीन दुसऱ्या पेशींमध्ये घालून ते बनवून घेतात, म्हणून ते रिकॉम्बिनंट.

असा निरोप देणारा काहीतरी पदार्थ असणार, हे एक सर्जन तो सापडायच्या कितीतरी आधी सांगत होता. पण ऐकणारे फार थोडे होते.

त्यांचं नाव डॉ. ज्युडा फोकमन.

१९३३ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील ज्यू धर्मगुरू. हॉस्पिटलमध्ये आजारी माणसांना भेटायला जाताना ते पोरालाही सोबत न्यायचे. तिथेच डॉक्टर व्हायचं हे ज्युडाच्या मनात पक्कं बसलं. १९५७ ला हार्वर्डमधून ते डॉक्टर झाले.

खरी गोष्ट सुरू होते १९६० च्या दशकात, नेव्हीमध्ये. काम होतं रक्ताला पर्याय शोधायचं. फोकमन आणि फ्रेडरिक बेकर यांनी सशाची थायरॉईड ग्रंथी शरीराबाहेर जिवंत ठेवली आणि तिच्यात उंदराच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठ एक-दोन मिलिमीटर वाढली आणि थांबली. तीच गाठ उंदराच्या अंगात घातली, तर झपाट्याने फोफावली.

फरक एकच होता. उंदराच्या अंगात गाठीपर्यंत नव्या रक्तवाहिन्या पोहोचत होत्या.

१९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, ते बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलचे मुख्य सर्जन झाले. १९७१ ला त्यांनी आपला विचार छापला. गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या बोलावून घेते, त्या थांबवल्या तर गाठीची उपासमार होईल.

अनेक शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या म्हणजे नुसती सूज, असं त्यांचं म्हणणं होतं. एका सर्जनने मूलभूत संशोधनात कशाला पडावं, असाही सूर होता. शेवटी १९८१ मध्ये फोकमन यांनी मुख्य सर्जनचं पद सोडलं आणि लॅबलाच वाहून घेतलं.

पुरावे हळूहळू येत गेले. १९८४ मध्ये त्यांच्याच लॅबने रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रोटीन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. १९८९ मध्ये जेनेंटेक कंपनीत नेपोलियोने फेरारा यांच्या टीमने व्हीईजीएफ ओळखलं. १९९३ मध्ये त्याच टीमने व्हीईजीएफला अडवणारी अँटीबॉडी उंदरांना दिली आणि गाठींची वाढ मंदावली.

मग आलं १९९८. फोकमन यांच्या लॅबमधल्या एंडोस्टॅटिन आणि अँजिओस्टॅटिनने उंदरांमधल्या गाठी आक्रसल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. संबंधित कंपनीचा शेअर एका दिवसात चौपटीच्या आसपास गेला. पेशंट आणि नातेवाईक औषधासाठी धावले. हे यश फक्त उंदरांमधलं आहे, हे फोकमन बजावत राहिले. झालंही तसंच. अमेरिकेतल्या चाचण्यांमध्ये माणसांवर तशी जादू दिसली नाही.

त्यांचं औषध मागे पडलं, विचार मात्र टिकला. २००४ मध्ये व्हीईजीएफला अडवणाऱ्या अवास्टिनला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली. गाठीची पूर्ण उपासमार झाली नाही, पण पेशंटचं आयुष्य काही महिन्यांनी वाढलं. २००६ मध्ये याच तत्त्वावरचं डोळ्यांचं इंजेक्शन आलं. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढून नजर जाते, त्या आजारात अनेकांची दृष्टी वाचू लागली.

१४ जानेवारी २००८ ला एका परिषदेला निघालेले फोकमन डेन्व्हर विमानतळावर हार्ट अटॅकने गेले. वय ७४.

लॅबमध्ये सर्रास वापरलं जाणारं उंदराचं व्हीईजीएफ १६४ अमिनो ॲसिडचं असतं, माणसाचं १६५ चं. लांबीत फरक एकाचाच. पण उंदरापासून माणसापर्यंतचं अंतर किती मोठं असतं, हे फोकमन यांच्याइतकं क्वचितच कुणी अनुभवलं असेल. म्हणूनच उंदराचा कॅन्सर बरा झाल्याची पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी त्यांची ही गोष्ट आठवायला हवी.