परतीची वाट नसलेली सफर

उज्जैनच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की जवळच देवास गेटचे बसस्थानक लागते. महाकालेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्याकडच्या भाविकांना ते ठाऊक असते. इंदूर-देवासकडच्या गाड्या तिथूनच पकडायच्या. उज्जैन हे शिंद्यांच्या ग्वाल्हेर राज्यातले शहर; पण त्याच्या या नाक्याला नाव मात्र चाळीसेक किलोमीटरवरच्या पवारांच्या राजधानीचे. त्या देवासच्या गादीवरून उठून एक मराठा राजा १९३३ मध्ये दक्षिणेच्या यात्रेला म्हणून निघाला, तो पुन्हा कधी माळव्यात आला नाही. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांची ही कहाणी. सत्ता सोडण्याची वेळ आलेल्या प्रत्येकाने तिचे मनन करावे, असे आम्हाला वाटते.

सत्ताधारी माणूस पद गेल्यावर काय करतो, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेचे. थिओडोर रूझवेल्ट मार्च १९०९ मध्ये अध्यक्षपदावरून उतरले आणि त्याच महिन्यात चिरंजीव करमिट यांना घेऊन आफ्रिकेच्या सफारीवर निघाले. मोंबासापासून खार्टुमपर्यंत सुमारे वर्षभर ही मोहीम चालली. शेकडो मोठी जनावरे मारली गेली आणि हजारो नमुने स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयाकडे रवाना झाले. आजच्या दृष्टीला ती कत्तल रुचणार नाही. पण रूझवेल्ट यांच्यामागे कोणी पहारेकरी लागला नव्हता, हेही पाहिले पाहिजे. ते परतले तेव्हा त्यांचे जंगी स्वागत झाले. १९१२ मध्ये त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली आणि हरले. सफारी हा स्वाहिली शब्द आणि आपला सफर हा शब्द, दोन्हींचे मूळ एकाच अरबी शब्दात आहे. सफरीत परत येणे गृहीत असते. तुकोजीरावांच्या सफरीत नेमके तेच नव्हते.

देवास हे गाव एक, राज्ये मात्र दोन. थोरल्या बाजीरावांच्या अमदानीत माळव्यात उतरलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वंशजांनी तेथे थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या चालविल्या. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार आणि दोन कारभार नांदत होते. गावावर चामुंडेची टेकडी तेवढी दोघांचीही. थोरल्या पातीचा मुलूख साडेचारशे चौरस मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्याहूनही कमी. मुलूख एवढासा असला तरी मान पंधरा तोफांच्या सलामीचा. उत्पन्न लहान आणि इतमाम मोठा, ही तेढ या गादीच्या पाचवीलाच पुजलेली होती.

१८८८ मध्ये जन्मलेले तुकोजीराव १८९९ मध्ये दत्तक म्हणून या गादीवर आले. त्यांचे शिक्षक म्हणून आलेले माल्कम डार्लिंग हे पुढे पंजाबच्या शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरील ग्रंथामुळे नावाजले. गुरुशिष्यांची ही मैत्री जन्मभर टिकली. तुकोजीराव बुद्धीने तल्लख होते, स्वभावाने विनोदी आणि मनाने अतिशय भाविक. १९०८ मध्ये कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींच्या कन्या अक्कासाहेब यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९१० मध्ये युवराज विक्रमसिंह जन्माला आले. मराठा राजकुळांत एवढ्या भाग्याचा तरुण राजा क्वचितच दुसरा असेल. पण काही वर्षांतच राणीसाहेब देवास सोडून कोल्हापूरला निघून गेल्या. सासुरवाडीचे सख्य संपले आणि दरबारात संशयाचे वारे शिरले.

डार्लिंग यांच्याच ओळखीने इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ च्या नाताळात देवासला आले. त्याच भारतभेटीत उज्जैनचे भग्नावशेषही त्यांनी पाहिले आणि त्यांवर एक लेख लिहिला. १९२१ मध्ये ते पुन्हा आले ते महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून. अर्धवट उभा असतानाच ढासळू लागलेला नवा राजवाडा, न जुळणारे हिशेब आणि त्या सगळ्यात गोकुळाष्टमीच्या उत्सवात देवापुढे देहभान विसरून नाचणारा राजा, हे त्यांनी सहा-एक महिने जवळून पाहिले. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतविषयक कादंबरीच्या शेवटच्या भागात जो कृष्णजन्माचा सोहळा आहे, ज्यात तुकोबांच्या नावाचा गजर आहे, तो देवासचा. माळव्यातल्या एका मराठी राजाची भक्ती अशा रीतीने जगभरच्या वाचकांपर्यंत गेली. त्याच राजाचा खजिना मात्र त्या वेळी तळाला लागला होता.

१९२७ च्या अखेरीस घात झाला. नुकतेच लग्न झालेले युवराज एकाएकी देवासमधून निसटले आणि त्यांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांचा आश्रय घेतला. पिता आपल्याला विष घालणार, असा त्यांचा समज होता. तो आरोप कधीच सिद्ध झाला नाही. पण राजवाड्याच्या आतली गोष्ट एकदा बाहेर फुटली की तिला पुरावा लागत नाही. वदंतांना ऊत आला. दिल्लीदरबारात महाराजांची पत गेली. पाठोपाठ जागतिक मंदी आली, कर्ज वाढत गेले आणि सरकारने कारभाराच्या चौकशीचा धोशा लावला. चौकशी म्हणजे आपल्या अब्रूचे धिंडवडे, असे महाराजांच्या मनाने घेतले.

१९३३ मध्ये ते तीर्थयात्रेच्या निमित्ताने दक्षिणेत उतरले आणि पाँडिचेरीत, म्हणजे फ्रेंच हद्दीत शिरले. तेथे इंग्रजांचा अंमल चालत नव्हता. अरविंद घोष १९१० मध्ये तेथेच आश्रयाला गेले होते. परकी हद्दीचा हा उपयोग गोव्याच्या वाचकाला नवा नाही. १८४४-४५ च्या उठावानंतर सावंतवाडीच्या बंडवाल्यांनी इंग्रजांपासून बचावासाठी पोर्तुगीजांच्या गोव्याचाच आसरा घेतला होता. पण ते लोक झुंजून आले होते आणि अरविंदांच्या मनात एक ध्येय होते. तुकोजीराव हिशेब टाळून आले होते, हा फरक लपत नाही. परत येण्याबद्दलचे सरकारचे तगादे त्यांनी मानले नाहीत. देवासचा कारभार सरकारने हाती घेतला. गादी तेवढी नावाला त्यांची राहिली. राज्य नाही, पैसा नाही, मुलगा दुरावलेला, अशा स्थितीत डिसेंबर १९३७ मध्ये पाँडिचेरीतच त्यांचा अंत झाला.

पुढचा इतिहास मोठा विलक्षण आहे. बापाच्या भीतीने पळालेले विक्रमसिंह देवासच्या गादीवर आले आणि १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले. ज्या घरी त्यांची आई परत गेली होती, त्याच घराचे ते धनी झाले. १९४८ मध्ये देवास मध्य भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात, आणि १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही गेले. फॉर्स्टर यांनी १९५३ मध्ये देवासच्या टेकडीच्या नावाने पुस्तक काढून आपल्या या मित्राचे स्नेहाने स्मरण केले. स्वतःच्या प्रजेकडून तुकोजीरावांचे असे स्मरण झाल्याचे आढळत नाही.

तुकोजीराव दुष्ट नव्हते. ब्रिटिश सार्वभौमत्वाने या राजांना तोफांच्या सलाम्या दिल्या, पण खरी जबाबदारी कधी दिली नाही. आणि मानाने पायउतार होण्याची रीतही शिकवली नाही. हा दोष त्या व्यवस्थेचा. पण शेतसारा भरणाऱ्या रयतेचा पैसा अर्धवट राजवाड्यात गाडला गेला, त्याचा जाब देणे हे राजाचेच कर्तव्य होते. भक्ती कितीही खरी असली तरी जमाखर्चाच्या वहीची जागा ती घेऊ शकत नाही. चौकशीला सामोरे जाऊन ते दोषी ठरले असते, तरी बापलेकांची गाठ पडण्याची आणि गावात पुन्हा तोंड दाखवण्याची वाट त्यांना उघडी राहिली असती.

आज राजे गेले आणि गादीवर लोकांनी निवडलेली माणसे आली. त्यांना पायउतार होण्याची रीत राज्यघटनेने घालून दिली आहे, हा आपल्या पिढ्यांचा लाभ. तरीही पद जाण्याची चाहूल लागताच प्रकृतीचे, यात्रेचे किंवा परदेशगमनाचे निमित्त शोधण्याची वृत्ती राजांबरोबर गेली, असे म्हणवत नाही. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याने वही उघडी ठेवून खुर्चीवरून उठावे आणि मग खुशाल कुठल्याही सफरीला जावे. परतल्यावर गावच्या वेशीवर त्याला कोणी अडवणार नाही.