विश्लेषण : आत्म्यांच्या बैठकी ते ‘महात्म्यां’ची पत्रे... मादाम ब्लॅव्हॅट्स्की यांच्यावरून वाद का पेटला?

मृत नातेवाइकाशी बोलणे करून देतो, असे सांगणारे आजही भेटतात. पेठ वडगावसारख्या गावांनाही ‘अंगात येणे’ नवे नाही. असे दावे तपासायचे कसे, हा प्रश्न १४० वर्षांपूर्वी भारतात गाजला. त्याच्या केंद्रस्थानी होत्या काही काळ मुंबईत राहिलेल्या हेलेना ब्लॅव्हॅट्स्की.

कोण होत्या ब्लॅव्हॅट्स्की?

त्यांचा जन्म १८३१ चा, आजच्या युक्रेनमधील निप्रो शहरातला. यादवी युद्धात लाखो माणसे गमावलेल्या अमेरिकेत तेव्हा मृतात्म्यांना बोलावणाऱ्या ‘मीडियम’चे पेव फुटले होते. १८७४ मध्ये व्हरमाँट येथे अशाच बैठकींच्या ठिकाणी त्यांची कर्नल हेन्री ऑल्कॉट यांच्याशी ओळख झाली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. बैठकीत येतो तो मृताचा खरा आत्मा नव्हेच, अशी भूमिका त्यांनी पुढे घेतली. आपल्याला ज्ञान मिळते ते हिमालयापलीकडील जिवंत ‘महात्म्यां’कडून, असे त्या सांगत.

मुंबईत काय घडले?

फेब्रुवारी १८७९ मध्ये दोघे मुंबईत आले आणि गिरगावात राहिले. त्याच वर्षी ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू झाले. इंग्रज येथील धर्माला हिणवत असताना एक युरोपीय बाई त्याची थोरवी सांगते, याचे सुशिक्षितांना अप्रूप होते. मात्र सुरुवातीला सोबत असलेले स्वामी दयानंद सरस्वती १८८२ मध्ये दुरावले. त्या वर्षअखेर मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला हलले.

कपाटाचे प्रकरण काय?

अड्यारच्या एका कपाटात महात्म्यांची पत्रे आपोआप प्रकटतात, असा दावा होता. ब्लॅव्हॅट्स्की यांच्या घरची व्यवस्था पाहणाऱ्या एमा कुलोम यांना १८८४ मध्ये काढून टाकण्यात आले. त्यानंतर त्यांनी ब्लॅव्हॅट्स्की यांची म्हणून काही पत्रे मद्रासच्या ख्रिस्ती मासिकाला दिली. त्यांतून कपाटामागील चोरवाट आणि हातचलाखीचा आरोप पुढे आला. ही पत्रे बनावट असल्याचे सोसायटीचे म्हणणे होते.

तपासात काय आढळले?

लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसन यांना भारतात पाठवले. हस्ताक्षरे आणि साक्षी तपासून १८८५ च्या अहवालात ब्लॅव्हॅट्स्की यांना लबाड ठरवण्यात आले. त्याआधीच त्यांनी भारत सोडला होता. १८९१ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

मग सत्य काय?

१९८६ मध्ये हस्तलेखतज्ज्ञ व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसन यांचा तपास एकतर्फी ठरवला. पण तपासात दोष निघाला म्हणून चमत्कार सिद्ध होत नाही. कपाट, खोली आणि वेळ दावा करणाऱ्याच्याच ताब्यात असेल, तर ती परीक्षा नव्हेच. पुरावा देण्याची जबाबदारीही त्याचीच.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे आणि फसवणूक करणे गुन्हा आहे. गेलेल्या माणसाची आठवण येणे स्वाभाविक आहे. त्या दुःखाचा कोणी बाजार मांडला, तर पोलिसांत तक्रार करता येते.