अक्षरांच्या खिडक्या

इब्राहिम आदिलशाह दुसरा १५८० मध्ये विजापूरच्या तख्तावर आला, तो जेमतेम नऊ-दहा वर्षांचा. चुलता अली आदिलशाह याचा खून झालेला. पोराला सांभाळलं ते चुलती चाँदबीबीनं. पुढे अहमदनगरच्या किल्ल्यासाठी लढली तीच ही.

मोठेपणी इब्राहिमला वेड लागलं ते संगीताचं आणि सुलेखनाचं. ‘किताब-ए-नवरस’ हे त्याचं दखनी गीतांचं पुस्तक, त्यात सरस्वतीचं स्तवनही आहे. इराणहून आलेल्या खलीलुल्लाह या खत्तातानं त्याची नक्कल केली, ती नस्तालीकमध्ये. फार नाजूक वळणाची ही लिपी. बोरूचं टोक तिरकं कापायचं. शब्द उजवीकडून डावीकडे झुकत खाली उतरतात. काम पाहून इब्राहिमनं खलीलुल्लाहला ‘पादशाह-ए-कलम’ हा किताब दिला. तलवारबाजांना किताब देणारे दरबार पुष्कळ होते, म्हणून हे सांगायचं.

त्यानं वसवलेलं नवरसपूर १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेनं उद्ध्वस्त केलं. उरला तो बेगम ताज सुलतानासाठी मलिक संदलनं बांधलेला इब्राहिम रौजा. भिंतींवर आयती कोरल्या आहेतच, पण खिडक्यांच्या जाळ्याही अक्षरांच्याच. इथलं वळण नस्तालीकहून वेगळं, भारदस्त. अक्षरांमधला दगड तेवढा काढून टाकलेला. अक्षरं एकमेकांना धरून उभी, आणि उजेड आत येतो तो त्यांच्या फटींतून.

१६२७ मध्ये इब्राहिम वारला. त्यालाही याच रौजात दफन केलं.