छत जळालं, ठसे उरले

पीटर पॉल रुबेन्स म्हटलं की भलेमोठे कॅनव्हास आणि राजघराण्यांच्या ऑर्डर्स डोळ्यांसमोर येतात. पण या बरोक काळातल्या सुपरस्टारने लाकडी ठशांवरही मन लावून काम केलं होतं.

रुबेन्सचा जन्म १५७७ चा, जर्मनीतल्या सीगनचा. वडील प्रोटेस्टंट विचारांचे, त्यामुळे त्यांना अँटवर्प सोडून पळावं लागलं होतं. ते गेल्यावर आई मुलांना घेऊन अँटवर्पला परतली आणि पीटर कॅथलिक म्हणून वाढला. याच शहरात १५६६ मध्ये जमावाने चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली होती. इटलीत आठ वर्षं काढून १६०८ मध्ये तो परत आला, तेव्हा कॅथलिक चर्चना चित्रं हवीच होती. १६२० मध्ये जेझुइट चर्चच्या छतासाठी त्याला तब्बल ३९ चित्रांचं काम मिळालं.

पण छत बघायला चर्चमध्येच जावं लागणार. छापील चित्र मात्र कुठेही पोचतं! तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली त्याची चित्रं आधीपासून विकली जात होतीच. १६३० च्या दशकात तो लाकडाकडे वळला. तोवर हे तंत्र जुनाट झालं होतं. त्याने सोबत घेतलं ख्रिस्तोफेल येगरला. येगर प्लांटिन छापखान्यासाठी ठसे कोरायचा.

यात रेष कोरायची नसते. रेष तशीच ठेवून भोवतालचं लाकूड काढायचं. एक रेष उडाली की संपलं, अनडू नाही. रुबेन्स चाचणीच्या छापांवर ब्रशने दुरुस्त्या करायचा आणि येगर त्याप्रमाणे पुन्हा कोरायचा. अशी नऊ मोठी चित्रं झाली. त्यातली दोन थेट जेझुइट छतावरून घेतलेली: मेरीचा राज्याभिषेक आणि सैतानाने येशूला घातलेला मोह. दुसऱ्यात सैतान चक्क म्हातारा माणूस आहे. उपाशी येशूपुढे तो दगड धरतो, याची भाकरी कर म्हणून. जाड, वळणदार रेषांत तो प्रसंग अंगावर येतो.

१६४० मध्ये रुबेन्स गेला. १७१८ मध्ये त्या चर्चवर वीज पडली आणि छतावरची ३९ च्या ३९ चित्रं जळाली. मागे राहिली ती रुबेन्सची छोटी कच्ची तैलचित्रं आणि कागदावरचे असे छाप. राजांसाठी काम करणाऱ्या माणसाने ‘जुनाट’ तंत्राला कमी लेखलं नाही, म्हणून आज ते छत थोडंफार तरी बघता येतं. आणि हो, त्या छापांवर रुबेन्ससोबत येगरचंही नाव आहे.