झारच्या गाड्या बर्फात रुतू नयेत म्हणून त्याने जुगाड केला, त्याच जुगाडाने पुढे सहारा पार झालं

मोबाईलवर स्क्रोल करताना अशी एखादी रील हमखास समोर येते. पाऊण कोटीची एसयूव्ही. लिफ्ट किट, मोठाले टायर, पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच, छतावर कॅरिअर. गाडी ऐटीत वाळूत शिरते. चाकं जागच्या जागी फिरतात, वाळू उडते आणि गाडी पोटापर्यंत खाली बसते. मग कुठून तरी एक जुना ट्रॅक्टर येतो आणि लाखोंचं मॉडिफिकेशन टोचन करून बाहेर काढतो. खाली कमेंटमध्ये हसणाऱ्या इमोजींचा पाऊस.

आता प्रश्न असा पडतो, की एवढी ताकद असलेली गाडी मुळात रुततेच का?

याचं उत्तर शंभरेक वर्षांपूर्वी एका फ्रेंच मेकॅनिकने शोधलं होतं. त्याच्या हाताखाली त्या काळातल्या अत्यंत महागड्या गाड्या होत्या आणि त्याचा मालक होता रशियाचा झार. मेकॅनिकचं नाव आदोल्फ केग्रेस. गाड्यांच्या इतिहासात हे नाव मोठं आहे. तुमच्या ओळखीत कुणाकडे डीसीटी गिअरबॉक्सची गाडी असेल, तर तिथेही या माणसाचं डोकं आहे. पण ते नंतर, आधी सुरुवातीपासून बघू.

फ्रान्समधला मेकॅनिक झारच्या गॅरेजमध्ये कसा पोहोचला?

केग्रेसचा जन्म 20 जून 1879 चा. गाव एरिकूर, फ्रान्सच्या पूर्वेकडचं. यंत्रांची आवड लहानपणापासूनची. तो तरुण झाला तेव्हा मोटार हे प्रकरण अगदी नवीन होतं आणि त्यात फ्रेंच मेकॅनिकना जगभर मागणी होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केग्रेस रशियाला गेला. सेंट पीटर्सबर्गच्या लेसनर कारखान्यात त्याने काम केलं आणि तिथून थेट झार निकोलस दुसरा याच्या गॅरेजमध्ये त्याची वर्णी लागली. पुढे या गॅरेजची तांत्रिक बाजू त्याच्याकडेच आली.

हे गॅरेज म्हणजे साधंसुधं नव्हतं. झारला गाड्यांचा भयंकर शौक. द्लोने-बेलव्हिल ही फ्रेंच कंपनी त्याच्यासाठी खास गाड्या बनवायची. रोल्स-रॉइस होत्या, पुढे अमेरिकन पॅकार्डही आली. थोडक्यात सांगायचं तर पैशाला तोटा नव्हता.

पण रशियाच्या हिवाळ्यापुढे पैसा चालत नाही. बर्फ पडला की जड, लांबलचक गाड्या जागेवर बसायच्या. ज्या साम्राज्यात जगातल्या उत्तम गाड्या होत्या, तिथे वर्षातले कित्येक महिने घोड्यांची घसरगाडीच कामाला यायची. झारला थंडीतही मोटारच हवी होती आणि हे कोडं आलं केग्रेसच्या टेबलावर.

त्याने इंजिनाला हात लावला नाही

अशा वेळी कुणालाही पहिली आयडिया सुचते ती जास्त ताकदीच्या इंजिनाची. केग्रेसने उलटा विचार केला. गाडीत ताकद आहेच, अडचण आहे ती गाडी जमिनीला जिथे टेकते तिथे.

हे समजायला अवघड नाही. चिखलातून जायचं असेल तर आपण फळी टाकतो. आपलं वजन तेवढंच असतं, पण फळीमुळे ते मोठ्या जागेवर पसरतं आणि पाय आत जात नाही. दोन-अडीच टनांची गाडी चार टायरच्या मिळून जेमतेम काही तळहातांएवढ्या जागेवर उभी असते. खाली डांबर असेल तर काही बिघडत नाही, पण बर्फ, वाळू किंवा चिखल असेल तर तेवढ्या जागेवर पडणारा दाब जमिनीला सोसत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबला की चाक गाडीला पुढे नेण्याऐवजी स्वतःसाठी खड्डा खणतं. इंजिन जेवढं दांडगं, तेवढा खड्डा लवकर.

मग केग्रेसने काय केलं, तर मागची चाकं काढली आणि त्या जागी पट्टे बसवले. पट्ट्याच्या एका टोकाला इंजिनाच्या जोरावर फिरणारं चाक, दुसऱ्या टोकाला मोकळं चाक आणि मध्ये वजन पेलणारे छोटे रोलर. जमीन वरखाली झाली की हा सगळा सांगाडा तिच्याप्रमाणे हलायचा. पुढची चाकं वळण्यासाठी तशीच ठेवली आणि बर्फासाठी त्यांना स्की जोडल्या.

आता तुम्ही म्हणाल, पट्टे तर ट्रॅक्टरला आणि रणगाड्यालाही होते. बरोबर, पण ते लोखंडी कड्यांचे. जड, खडखडाट करणारे आणि रस्त्याची वाट लावणारे. झारला त्यात बसवणार कोण? केग्रेसचा पट्टा लवचीक होता, रबर आणि कापडी थरांचा. तो हलका होता, आवाज कमी करायचा आणि त्यावर गाडी बऱ्यापैकी वेगाने धावायची. अर्धी चाकं आणि अर्धे पट्टे, म्हणून अशा गाडीला हाफ-ट्रॅक म्हणायला लागले.

मालक गेला, जुगाड राहिला

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि रशियन सैन्याचं लक्ष या पट्ट्यांकडे गेलं. चिखलात आणि बर्फात अडकणाऱ्या चिलखती गाड्यांना ते बसवायचा विचार सुरू झाला. पण 1917 मध्ये क्रांती झाली. झारला गादी सोडावी लागली आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासह ठार मारण्यात आलं. झारच्या गॅरेजमधल्या माणसासाठी हा देश आता सुरक्षित नव्हता. केग्रेसने रशिया सोडला आणि तो फिनलंडमार्गे फ्रान्सला परतला.

त्याच्यामागे त्याचं काम मात्र रशियातच राहिलं. पेत्रोग्राडच्या पुतिलोव कारखान्यात ऑस्टिन बनावटीच्या चिलखती गाड्यांवर त्याचे पट्टे चढले आणि त्या गाड्या आता क्रांतिकारकांच्या सैन्यात होत्या. गंमत म्हणजे खुद्द लेनिनच्या रोल्स-रॉइसलाही मागे केग्रेसचे पट्टे आणि पुढे स्की बसवल्या होत्या. मॉस्कोजवळच्या गोर्की लेनिन्स्कीये इथल्या संग्रहालयात ती गाडी आजही बघायला मिळते. झारच्या आरामासाठी काढलेली युक्ती त्याची सत्ता उलथवणाऱ्यांच्या कामी आली.

सिट्रोएनची एंट्री

फ्रान्सला परतलेल्या केग्रेसकडे ना मालक होता, ना गॅरेज. होती ती फक्त कल्पना. तिथे त्याची गाठ जाक इन्स्टिन या उद्योजकाशी पडली. आंद्रे सिट्रोएन गाड्या बनवायच्या आधी गिअर बनवायचा, तेव्हा इन्स्टिन त्याचा भागीदार होता. त्याच्यामार्फत केग्रेसचे पट्टे सिट्रोएनपर्यंत पोहोचले.

सिट्रोएनला दोन गोष्टी उत्तम कळायच्या, गाडी बनवणं आणि तिचा गाजावाजा करणं. त्याने स्वतःच्या छोट्या, सर्वसामान्यांसाठीच्या गाडीवर हे पट्टे बसवायचं ठरवलं. इंजिन होतं जेमतेम 20 अश्वशक्तीचं. आजच्या साध्या हॅचबॅकची ताकदही याच्या तिप्पट-चौपट असते. आणि या गाड्या घेऊन जायचं होतं कुठे, तर सहारा वाळवंटात.

17 डिसेंबर 1922 ला अल्जेरियातल्या तुगूर्त इथून पाच गाड्या निघाल्या. नेतृत्व जॉर्ज-मारी आर्द आणि लुई ओदुआं-द्यूब्रय यांचं. सोबत मेकॅनिक आणि एक कुत्रीही होती. पाणी, पेट्रोल, सुटे भाग असं ओझं लादलेलं. इंजिन तापू नये म्हणून जादा रेडिएटर. वाटेत हल्ला झाला तर म्हणून काही गाड्यांवर मशीनगन. केग्रेस स्वतः या प्रवासात नव्हता, पण पणाला लागलं होतं ते त्याचं काम. वाळवंटाच्या मध्यावर पट्टा कायमचा तुटला, तर टोचन करायला कुणीही येणार नव्हतं. माणसं जिवाला मुकली असती.

7 जानेवारी 1923 ला ही मंडळी टिंबक्टूला पोहोचली. तीन हजारांहून जास्त किलोमीटर, जेमतेम तीन आठवड्यांत. उंटांच्या तांड्यांना याच टापूत महिने लागायचे. मोटारीने सहारा आरपार पार करणारी ही पहिली मोहीम ठरली आणि त्याच गाड्या घेऊन मंडळी परतही आली.

मागे ट्रेलर, समोर हिमालय

यशाची चव लागली आणि पुढची मोहीम आणखी मोठी निघाली. ऑक्टोबर 1924 मध्ये आठ हाफ-ट्रॅक अल्जेरियाहून निघाले आणि आफ्रिका ओलांडून जून 1925 मध्ये मादागास्करला पोहोचले. या वेळी गाड्यांच्या मागे ट्रेलर होते, त्यात तंबूपासून खाण्यापिण्यापर्यंतचा सगळा संसार.

ट्रेलर ओढण्यात केग्रेसच्या पट्ट्यांचा आणखी एक गुण दिसला. ओढायला ताकद लागते, हे खरं, पण आधी पकड लागते. चाक जागेवर घसरलं तर इंजिनाची ताकद हुकपर्यंत पोहोचतच नाही. पट्ट्याची जमिनीवरची पकड लांबलचक, त्यामुळे छोटं इंजिनही जड ओझं ओढून न्यायचं. हे सैन्याच्या लगेच लक्षात आलं. फ्रेंच सैन्याने केग्रेसच्या पट्ट्यांवरच्या गाड्या तोफा ओढायला घेतल्या.

तिसरी मोठी मोहीम तर आपल्या बाजूला आली. एप्रिल 1931 मध्ये बैरूतहून निघालेला गट श्रीनगरला पोहोचला. पुढे होता बुर्झील खिंडीतून गिलगिटला जाणारा खेचरांचा रस्ता. उंची चार हजार मीटरच्या पलीकडे. दोन गाड्या या वाटेवर घातल्या. एका ठिकाणी वाटच खाली कोसळली आणि गाडी दरीच्या तोंडावर लटकली, ती कशीबशी वर घेतली. जिथे वाट फारच अरुंद होती, तिथे गाडी सुटी करून माणसांच्या खांद्यावरून भाग पलीकडे नेले. गाड्या ऑगस्टमध्ये गिलगिटला पोहोचल्या, पण तिथून पुढे त्यांना सोडून द्यावं लागलं. माणसं घोड्यांवरून पुढे गेली आणि चीनच्या बाजूने आलेल्या दुसऱ्या गटाच्या गाड्यांतून फेब्रुवारी 1932 मध्ये पेकिंगला पोहोचली. त्यानंतर साधारण महिनाभराने मोहिमेचा प्रमुख आर्द हाँगकाँगमध्ये आजारपणात वारला.

मग आज हे पट्टे दिसत का नाहीत?

कारण प्रत्येक मॉडिफिकेशनची किंमत मोजावी लागते. हे पट्टे वाळूत आणि बर्फात भारी, पण चांगल्या रस्त्यावर वेग मारायचे आणि लवकर झिजायचे. पोलंडच्या सैन्याने केग्रेस पट्ट्यांच्या चिलखती गाड्या बनवल्या आणि काही वर्षांतच त्यांना पुन्हा साधी चाकं लावली. हळूहळू चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या स्वस्त आणि भरवशाच्या झाल्या, टायर सुधारले आणि हाफ-ट्रॅक मागे पडले.

पण त्याआधी त्यांनी एक महायुद्ध गाजवलं. अमेरिकेने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला सिट्रोएन-केग्रेसची गाडी विकत घेऊन तपासली आणि त्यावरून स्वतःचे हाफ-ट्रॅक तयार केले. दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोंमध्ये पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेली अमेरिकन गाडी दिसते ना, तिचं मूळ झारच्या गॅरेजमध्ये आहे.

सिट्रोएन मात्र पैशाच्या गणितात अडकला. 1934 च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली, मिशेलिनच्या ताब्यात आली आणि 1935 मध्ये आंद्रे सिट्रोएन वारला. केग्रेस तरीही थांबला नाही. त्याने असा गिअरबॉक्स आखला ज्यात दोन क्लच असतात. एक क्लच चालू गिअर सांभाळतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो, त्यामुळे गिअर बदलताना ताकद तुटत नाही. पण युद्ध आलं आणि ते काम तिथेच राहिलं. 9 फेब्रुवारी 1943 ला जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या क्रुआसी-स्यूर-सेन इथे केग्रेसचं निधन झालं. तेव्हा तो 63 वर्षांचा होता. दोन क्लचचा गिअरबॉक्स सर्वसामान्यांच्या गाडीत यायला 2003 साल उजाडलं. त्यालाच आज आपण डीसीटी म्हणतो.

आपण यातून काय घ्यायचं?

झारच्या गाड्यांना केग्रेसने लोखंड चढवलं नाही. वजन जमिनीवर कसं टेकतं, एवढंच त्याने बदललं. आजही मोठ्या गाडीवर खर्च करणारे बरेच जण सुरुवात वरून करतात. बंपर, कॅरिअर, लाईट. प्रत्येक वस्तूने वजन वाढतं आणि मऊ जमिनीवर तेच वजन गाडीला खाली ओढतं. ट्रेलर जोडला की त्याच्या दांड्याचा भारही मागच्या ॲक्सलवर येतो.

जाणकार ऑफ-रोडर मात्र वाळूत शिरण्याआधी खाली बसतो आणि टायरमधली हवा कमी करतो. 32-35 पीएसआयवरून 15-18 पर्यंत. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि गाडी तरंगल्यासारखी पुढे जाते. फक्त डांबरावर परत येताना हवा भरायला विसरायचं नाही. कमी हवेवर वेग धरला तर टायर तापतो आणि फुटूही शकतो.

केग्रेसने जे पट्ट्यांनी केलं, तेच हे, तेही फुकटात. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी लाखाचा बंपर दाखवला, तर त्याला एकच विचारा, भावा, हवा मोजायचा गेज आहे का?